फुगवट्याच्या काठची आफ्रिका

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता आमच्या भाचीचा पुण्याहून फोन आला. "मामा, मला शंभर शब्द हवेत. आफ्रिकेवर. भिंतीवर लावायचेत." भाची अंतर्गत सजावटीचा व्यवसाय करते. राहुरी तालुक्यात, मुळा धरणाच्या फुगवट्याच्या काठी, एक बागायतदार रेस्टॉरंट बांधत होते. त्याच्या आतल्या मांडणीचे काम तिच्याकडे आले होते आणि मालकांना ती मांडणी 'आफ्रिकन' हवी होती. चिरंजीव केनियात जाऊन सिंह पाहून आले होते. त्या हट्टामागे याहून खोल कारण नव्हते. चौतीस वर्षे नगरमध्ये मराठी शिकवलेल्या माणसाला शंभर शब्द म्हणजे एका संध्याकाळचे काम. आम्ही होकार देऊन मोकळे झालो. प्रत्यक्षात त्याला पाच महिने लागले, आणि जे लिहिले ते भिंतीवर लागले नाही. (जिल्ह्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे. आमच्या लेखणीतून जुन्या सवयीने नगर उतरते; वाचकांनी सांभाळून घ्यावे.)

पहिल्यांदा जागा पाहायला गेलो तेव्हा धरण तुडुंब होते. सव्वीस टीएमसीचे ते पाणी पायऱ्यांपर्यंत आल्यासारखे दिसत होते. भाचीने नकाशा पसरला. पाण्याकडची सगळी भिंत काचेची, तिला लागून लांब बैठक, तिच्यापुढे लाकडी तक्तपोशीचा सज्जा. नकाशा सुरेख होता. फक्त त्यात वर्षाचे बाराही महिने ऑक्टोबरच होता. उन्हाळी आवर्तने सुटली की हे पाणी कुठवर मागे सरते, हे आम्ही पाहिलेले आहे. एप्रिल-मेमध्ये त्या काचेतून दिसणार तो भेगाळलेला गाळ, त्यात उभ्या राहिलेल्या बाभळी आणि मोटारीला पाइप जोडत जोडत पाण्याच्या मागे धावणारे शेतकरी. आम्ही तसे म्हणालो. भाची गप्प झाली. मालक म्हणाले, "सर, उन्हाळ्यात एसी राहील. पडदे टाकू."

मग नमुने निघाले. फायबरचे मुखवटे, भाले, कातडी ढाली, झेब्र्याच्या पट्ट्यांचा वॉलपेपर, बिबट्याच्या ठिपक्यांचे खुर्चीचे कापड. "आम्हाला इतिहास नको सर, माहोल पाहिजे," मालकांनी आधीच बजावले. माणूस दिलदार होता आणि स्वतःला काय हवे ते त्याला ठाऊक होते, ही गोष्ट आम्हां मास्तर लोकांत विरळाच आढळते. आम्हांला खटकले ते निराळेच. त्या पुठ्ठ्याच्या खोक्यात पश्चिम आफ्रिकेचे मुखवटे, पूर्वेच्या मसाईंच्या ढाली आणि कुठलाही मुलूख नसलेला झेब्रा एकत्र नांदत होते. दशावताराचा मुकुट, काश्मिरी कांगडी आणि कथकळीचा घागरा एका खिळ्याला टांगून त्याला 'आशिया' म्हणावे, तशातला प्रकार. शिवाय मुखवटा ही टांगून ठेवण्याची वस्तूच नव्हे. जव्हार-मोखाड्याकडे आणि नाशिकच्या डोंगरी भागात बोहाडा होतो. तिथे मुखवटा तोंडावर चढतो, वाद्य वाजू लागते, आणि खालचा माणूस तेवढ्यापुरता माणूस राहत नाही. नाच संपला की तो मुखवटा पुन्हा जपून ठेवला जातो. आफ्रिकेतल्या पुष्कळ मुखवट्यांचे हेच आहे. अंग, वस्त्र आणि ढोल काढून घेतले की उरते ती टरफले. हे सगळे आम्ही परतीच्या वाटेवर गाडीत भाचीला ऐकवले. तिने शांतपणे विचारले, "मग काय लावू, ते सांगा ना."

तिथे आमची वाचा बसली.

कारण आफ्रिका म्हटल्यावर आम्हांला जे आठवले, ते भिंतीवर लावण्याजोगे नव्हते. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आम्ही पुण्यात एम. ए. करीत होतो. वसतिगृहात आमच्या समोरच्या खोलीत टांझानियाहून आलेला एक विद्यार्थी राहत असे. उंच, मितभाषी, फावल्या वेळात रेडिओ दुरुस्त करणारा. आपल्या स्वाहिलीत आमचे शब्द सापडले की त्याला लहान मुलासारखा आनंद होई. चपाती तिकडेही चपातीच, गाडीची 'गारी', दुकानाचे 'दुका', विम्याला 'बिमा'. आम्ही ते शब्द वहीत टिपून घेत असू. भाषाशास्त्राची गोडी तिथूनच लागली म्हणा. एके दिवशी त्याने विचारले, "जिन्यावर मुले मला पाहून एक शब्द म्हणतात. हबशी. त्याचा अर्थ काय?"

आमच्या वर्गमित्रांचाच तो शब्द होता. एकदोनदा आमच्याही तोंडून गेला होता. तो समोर नसताना, एवढाच काय तो फरक. आम्ही त्याला गंभीरपणे व्युत्पत्ती सांगितली: अरबी 'हबश', म्हणजे ॲबिसिनिया, तिथला रहिवासी तो हबशी. अक्षरशः खरे होते. तो क्षणभर विचारात पडला आणि म्हणाला, "पण मी तर टांझानियाचा आहे." मग हसला, आणि पुन्हा कधी आम्हांला शब्दांचे अर्थ विचारायला आला नाही. ती वही अजून आमच्यापाशी आहे. 'बिमा' हा तिच्यातला शेवटचा शब्द.

आपल्यापैकी जे भाषा शिकवतात त्यांना हा आडोसा परिचयाचा असेल. शब्द कुठून आला हे सांगितले की तो कुठे लागतो हे सांगावे लागत नाही. (आम्ही 'आम्ही' लिहितो तेही बहुधा त्याच सोयीसाठी. कबुली अनेकवचनात दिली की वाटून घेतल्यासारखी होते.)

भाचीला आम्ही यातले काही बोललो नाही. एवढेच म्हणालो की आफ्रिका पाहायची तर केनियाला कशाला, नगरला ये. ती पुढच्या रविवारी आली आणि आम्ही तिला आधी फराहबाग दाखवायला नेले. वास्तविक फराहबागेचा आफ्रिकेशी सरळ संबंध नाही. पाण्याशी मात्र आहे. शहराच्या आग्नेयेला एका मोठ्या तलावाच्या मधोमध बांधलेला हा दुमजली महाल अनेक हातांतून जाऊन १५८३ साली सलाबतखानाच्या देखरेखीखाली पुरा झाला. राज्यकारभाराला विटलेला मुर्तझा निजामशहा इथे एकांतात बुद्धिबळ खेळत बसे, असे सांगतात. चहूबाजूंनी पाणी, मध्ये उंच कमानी आणि घुमटाखालचे मुख्य दालन. पाण्यावरून येणारा वारा आतून फिरावा म्हणून सगळी रचना. आज तलाव कोरडा आहे. गवतातून चालत महालापर्यंत जाता येते.

भाचीने कमानीतून बाहेर पाहिले आणि म्हणाली, "मामा, पाणी गेलं तरी ही वास्तू वाईट दिसत नाही. माझी दिसेल." आमच्या सगळ्या व्याख्यानांपेक्षा त्या वाक्याने काम पुढे नेले. काचेची भिंत तिथेच बाद झाली. तिच्या जागी जाड भिंत आणि तीत खोल, आखूड कमानी आल्या. पाणी असेल तेव्हा तुकड्यातुकड्यांनी दिसेल, नसेल तेव्हा कमान पुरेशी असेल.

तिथून भातोडीला गेलो. नगरच्या आग्नेयेस दोन-तीन तासांत पाहून येण्याजोगे गाव; तिथला जुना तलावही सलाबतखानाच्याच नावावर आहे. इतिहासात या गावाचे नाव भातवडी म्हणून येते. १६२४ साली मोगल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजा निजामशाहीवर एकत्र चालून आल्या, तेव्हा मलिकंबराने त्यांना इथे गाठले. तलावाचे पाणी सोडून शत्रूच्या तळाचा चिखल केला. घोडे रुतले, तोफा रुतल्या, रसद तुटली, आणि मग त्याने हल्ला चढवला. तो तेव्हा पंचाहत्तरीच्या आसपास होता. त्याच्या बाजूने शहाजीराजे लढले. त्यांचे बंधू शरीफजी इथेच पडले, त्यांची समाधी गावात आहे. कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारता'त या लढाईचे वर्णन आहे आणि त्यात मलिकंबराविषयी आदर आहे, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्याच्याविषयी दिल्लीच्या दरबारी काय भावना होती तेही पाहावे. जहांगीर आत्मचरित्रात त्याच्या काळ्या रंगावरून शिव्या देतो. अबुल हसनने काढलेल्या एका चित्रात जहांगीर भाल्यावर खोवलेल्या मलिकंबराच्या मस्तकावर बाण सोडताना दिसतो. हे चित्र आता डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. ते काढले तेव्हा मलिकंबर जिवंत होता आणि पुढेही दहा वर्षे त्याने मोगलांना दाद दिली नाही. जे रणात साधले नाही ते कागदावर उरकले.

आम्ही हे मलिकंबराच्या राजकारणाचे प्रवचन बांधावर उभे राहून करीत होतो आणि भाची दगडी बांधाचे फोटो घेत होती. "तो मूळचा कुठला?" तिने विचारले. आम्ही आठवेल तसे सांगितले. पीटर व्हान डेन ब्रूक हा डच व्यापारी १६१७ साली मलिकंबराला प्रत्यक्ष भेटला होता. त्याने लिहून ठेवले आहे की त्याचे मूळ नाव चापू, आणि तांबड्या समुद्रावरच्या मोखा बंदरात तो विकला गेला. तिथून बगदाद. तिथल्या एका व्यापाऱ्याने त्याला शिकवले आणि अंबर हे नाव दिले. मग दख्खन. इथे त्याला घेतले निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने. हा पेशवा स्वतःच हबशी, एकेकाळचा गुलाम. म्हणजे हे पोर नगरात आले ते आफ्रिकेतून आलेल्या माणसाच्याच घरी. पुढे १६०० साली नगरचा किल्ला मोगलांनी घेतल्यावर ज्याने बुडालेले राज्य परांडा, जुन्नर, दौलताबाद असे फिरवत पाव शतक तगवले, खडकी वसवली, तिला जमिनीखालून नहर आणली, सारा आकारण्याची अशी पद्धत घातली की महसुली मराठीत 'मलिकंबरी' असा शब्दच रूढ झाला, तो हा.

"मोखा म्हणजे ते कॉफीचं?" भाचीने विचारले. तेच. रेस्टॉरंटच्या मेनूकार्डाच्या कच्च्या प्रतीत 'कॅफे मोका' होताच. आफ्रिकन सजावटीच्या त्या सगळ्या खटाटोपात आफ्रिकेतून नगरपर्यंतच्या खऱ्या वाटेवरचे एकच नाव होते, आणि ते मुलाला विकले त्या बंदराचे.

पुढचे दोन महिने भाचीने झपाटल्यासारखे काम केले. चापू हरारचा असे कुठेतरी वाचून तिने हरारची घरे शोधून काढली. पूर्व इथियोपियातले हे तटबंदीचे गाव २००६ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिथल्या पारंपरिक घराचे मुख्य दालन पाहताना आम्हांला आमच्या आजोळची आठवण झाली. दगडमातीच्या जाड भिंती, सपाट धाबे. आत खुर्च्या नाहीत; वेगवेगळ्या उंचीचे ओटे, तांबड्या मातीने सारवलेले, आणि कोण कुठल्या ओट्यावर बसणार याचे ठरलेले संकेत. भिंतीत कोनाडे, मोजून अकरा. बायकांनी विणलेल्या रंगीत टोपल्या भिंतभर. नगरकडच्या धाब्याच्या घरात असे काय निराळे होते? ओटा, ओसरी, देवळ्या, शेणाने सारवलेली जमीन, खुंटीला सूप. मुखवट्यांना हरारच्या घरात जागा नव्हती. झेब्र्यालाही नव्हती. मालकांना खर्चाचा आकडा दाखवल्यावर ओट्यांची कल्पना एका बैठकीत पसंत पडली: पन्नास खुर्च्या आणि आयात मुखवटे वाचत होते. गवंडी गावातलेच मिळाले, ओट्यांना तांबडा कोबा झाला, टोपल्या बुरुडाकडून आल्या. झेब्र्याचा वॉलपेपर हात धुण्याच्या जागी तेवढा लागला. चिरंजिवांनाही काही मिळायला हवे होते.

एवढे सगळे जमून आले असताना आम्हीच त्यात माती कालवली. शब्द लिहायचे म्हणून नव्याने वाचायला घेतले, तर असे दिसले की चापूचे गाव हरार यावर अभ्यासकांचे एकमत नाही. कोणी हरार म्हणतात, तर कोणी दक्षिणेकडचा कंबाता प्रदेश. हा तपशिलाचा फरक नव्हे. हरार हे व्यापाराचे शहर होते. कॉफी, हस्तिदंत आणि माणसे तिथून किनाऱ्याकडे जात. कंबाता हा माणसे जिथून नेली जात, त्यांपैकी एक मुलूख. भाचीने ज्या दालनाचे ओटे मापून मापून उतरवले होते, ते चापूचे घर असेल. किंवा चापूसारख्या पोराला अंगणात उभे करून ज्यांनी त्याचे मोल ठरवले, त्यांचेही असेल. आम्ही तिला हे फोनवर सांगितले. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, "मामा, विकलेल्या माणसाचं घर कुठे उरतं? उरतं ते विकणाऱ्याचंच." तिचे म्हणणे खरे होते. सजावट ही उरलेल्या घरांची होते. नाहीतर आम्ही तरी नगरचे महाल दाखवायलाच कशाला नेले होते; फराहबागेचा चुना मळणाऱ्यांच्या झोपड्या दाखवायला नव्हे.

ओटे पाडायचे का, असे तिने विचारले. आम्ही नको म्हणालो. त्याचे कारण पुढे मालकांच्या आईंनी पुरवले.

आई ऐंशीच्या घरात. त्यांचे माहेर याच फुगवट्याखाली गेले. काम पुरे होत आले तेव्हा त्यांना दाखवायला आणले. त्या आत आल्या, कोब्याच्या खालच्या ओट्यावर टेकल्या, वर पाहिले, आणि कोणी काही सांगण्याआधी म्हणाल्या, "ह्या देवळ्या लई वर केल्यात. दिवा कसा लावायचा?" आमच्या माहेरच्या घरात असेच होते, वडील त्या वरच्या ओट्यावर बसत, बायका इकडे. हाताने जागा दाखवल्या. हरारचे दालन त्या बुडालेल्या गावातले घर म्हणून वाचीत होत्या आणि एकही जागा चुकत नव्हत्या. भाचीने दुसऱ्या दिवशी गवंड्याला बोलावून देवळ्यांची एक रांग खाली घेतली.

आता शंभर शब्द. आम्ही ते मलिकंबरावर लिहिले. चापू, मोखा, नगर, भातोडीचा चिखल, खडकीची नहर. पाणी हा त्या माणसाचा धागा धरून. खोटी नम्रता नको. बरे उतरले होते. मालकांनी चष्मा लावून दोनदा वाचले.

"भारी आहे सर. पण नाव नको."

का, असे विचारण्याइतके आम्ही अजाण नव्हतो, तरी विचारले. ते म्हणाले, लोक इथे जेवायला येतात. कोणीतरी फोटो काढून फिरवतो, त्याखाली काहीतरी लिहितो, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दारात गर्दी. मला धंदा करायचाय, सर. आम्ही म्हणालो, अहो, शहाजीराजे त्याच्या बाजूने लढलेत. त्यांचा चेहरा एकदम खुलला.

"मग नुसतं शहाजीराजांचंच टाका की!"

यावर वाद घालता आला असता. भातवडीचे श्रेय कसे वाटायचे, 'शिवभारता'चा कर्ता काय म्हणतो, हे सगळे आमच्या जिभेवर होते. आम्ही "ठीक आहे, पाहतो" म्हणालो. किती चटकन म्हणालो, याचा विचार आजही मनातून जात नाही. मालकांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्या दारात गर्दी झाली असती तर आम्ही नगरला घरी असतो. पण आमच्या घराच्या दारात तर कोणी येणार नव्हते आणि चौतीस वर्षे वर्गाच्या दारातही कोणी आले नव्हते. तरी त्या वर्षांत आम्ही भातवडीचे नाव एकदाही घेतले नाही. शहराच्या कडेला चारशे वर्षांची आफ्रिका होती, आणि आमच्या वर्गात हबशी आला तो जंजिऱ्याच्या सिद्दीच्या रूपात, शत्रू म्हणून, किंवा मागच्या बाकावरच्या सावळ्या पोराचे टोपणनाव म्हणून. ते टोपणनाव ऐकून आम्ही पुढच्या ओळीचा अर्थ सांगू लागत असू. वसतिगृहाच्या जिन्यावरचाच तो आडोसा, फक्त आता हातात खडू होता.

शहाजीराजांवर शंभर शब्द लिहायचे आम्ही नाकारले. त्यात शौर्य नव्हते, तेवढी लाज शिल्लक होती म्हणा. त्याऐवजी धान्यावर लिहून दिले. बाजरी मूळची सहारा वाळवंटाच्या दक्षिण काठाकडची. ज्वारी ईशान्य आफ्रिकेतली. नाचणी पूर्व आफ्रिकेच्या उंच प्रदेशातली. हजारो वर्षांपूर्वी ही धान्ये समुद्र ओलांडून आली आणि दख्खनच्या कोरडवाहू जमिनीत रुजली. चवळी तिकडची, चिंचही तिकडची, गोरखचिंच तर दिसतेच परकी. नगर जिल्ह्याच्या ताटातून आफ्रिका काढून घेतली तर भाकरी जाते आणि आमटीची चवही. इथियोपियात टेफ नावाचे बारीक धान्य आंबवून इंजेरा करतात. आपल्या आंबोळीची थोरली बहीण म्हणावी अशी, आणि एका टोपलीवजा मेजाभोवती बसून सगळे एकाच इंजेऱ्यातून तोडून खातात. हे सगळे मालकांना फार आवडले. धान्याला धर्म नसतो, तेव्हा दारात गर्दी होण्याचे भय नाही. मेनूकार्डावर 'आफ्रिकन थाळी' आली: बाजरीची भाकरी, चवळीची उसळ, चिंचेचा सार, नाचणीचे पापड. खपते म्हणतात. फक्त आई काही केल्या मान्य करीत नाहीत. "बाजरी भायेरची? मंग आम्ही कुठले?"

भाचीला मात्र आमची ही तडजोड रुचली नाही. बोलली नाही; आमच्याशी ती मामा-भाचीचे अंतर राखून असते. तिने परस्पर एक केले. देवळ्या अकरा होत्या. दहांत तांब्या, सुरई, टोपल्या, कंदील असे काहीबाही मांडले होते. अकराव्या देवळीत तिने कुंभाराकडून घडवून घेतलेला खापराचा नळ ठेवला. निजामशाहीच्या काळी नगरला कापूरवाडी, भिंगार अशा ठिकाणांहून खापरी नळांतून पाणी येत असे, आणि मलिकंबराच्या खडकीतही खापराचे नळ होते. हातभर लांब, एक तोंड रुंद, दुसरे निमुळते, एकात एक बसणारे. शेजारी पाटी नाही. गिऱ्हाइकांनी विचारले तर वाढपी "शोपीस आहे" असे सांगतात.

एप्रिलमध्ये आम्ही तिथे जेवायला गेलो. आवर्तन सुटले होते. पाणी अर्धा मैल मागे गेले होते. कमानीतून भेगाळलेला गाळ दिसत होता आणि त्यात कोणीतरी पाइप टाकत चालले होते. पडदे लावलेले नव्हते. दुपारची वेळ, गिऱ्हाईक तुरळक. आई आपल्या ओट्यावर बसल्या होत्या. आम्हांला पाहून त्यांनी नातवाला सांगून तो नळ देवळीतून खाली काढवला आणि मांडीवर घेतला.

"नगरला मावशीकडं असल्या नळाचं पाणी येई हौदात. थंडगार. हे कुणी केलं व्हतं, मास्तर?"

नगरचे नळ मलिकंबराच्या आधीचे. एवढे सांगून थांबता आले असते, आणि ते अक्षरशः खरे झाले असते. मालक गल्ल्यावरून आमच्याकडे पाहत होते. आम्ही ताट बाजूला सारले आणि नळांपासून सुरुवात करून खडकीवर आलो, तिथून मागे भातोडीच्या चिखलावर, तिथून मागे नगरच्या पेशव्याच्या घरी. नाव घेऊन सांगितले. चुन्याची रिकामी डबी हातात फिरवत त्या ऐकत होत्या. चापू नावाच्या पोराला मोख्याच्या बाजारात उभे केले इथवर आलो, तेव्हा त्यांनी हात वर करून आम्हांला थांबवले.

"आन् त्याची आय?"